हार्ड डिस्कची वाटणी आणि संगणकाचे जागे होणे

कचेऱ्यांतून बाद झालेले संगणक देणगीदाखल एखाद्या अभ्यासिकेत, वाचनालयात किंवा संस्थेच्या कार्यालयात येणे, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली नियमाप्रमाणे ज्यांच्यावर चढत नाही, असे असंख्य संगणक एका तारखेत ‘जुने’ ठरले. वस्तुतः यंत्र धडधाकट असते, पडदा शाबूत असतो, कळफलकावरची दोन-चार अक्षरे पुसट झालेली असतात इतकेच. गरीब घरच्या विद्यार्थ्याला स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरावयास किंवा शिष्यवृत्तीची कागदपत्रे चढवावयास एवढे यंत्र पुष्कळ झाले.

अडचण निराळीच असते. संस्थेच्या जुन्या संगणकावर सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, घटनेची प्रत आणि मागील स्मरणिकांची पाने पडून असतात. त्यांपैकी मराठी मजकूर बहुधा युनिकोड येण्यापूर्वीच्या टंकांत, पेजमेकरसारख्या जुन्या कार्यक्रमात जुळविलेला असतो. ते टंक नसलेल्या संगणकावर हा मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. म्हणून जुनी विंडोज ठेवावी लागते. परंतु आधार संपलेल्या प्रणालीवरून मुलांना इंटरनेटवर सोडणे शहाणपणाचे नव्हे. त्यासाठी लिनक्ससारखी विनामूल्य आणि अद्ययावत प्रणाली हवी. दोन्ही एकाच डिस्कवर नांदविता येतात. पण ते काम निघाले की कोणी तरी जाणकार येतो आणि म्हणतो, “सगळे फॉरमॅट मारावे लागेल.” आणि वीस वर्षांचे दप्तर अर्ध्या तासात नाहीसे होते.

बहुतेक वेळा तशी गरज नसते. ती का नसते, हे सांगण्यासाठी हा लेख. आम्ही संगणकशास्त्र शिकलेलो नाही. कला शाखेचे पदवीधर, आणि पोटापाण्यासाठी बँकेत लिपिक. तेव्हा या विषयाकडे आम्ही दप्तर सांभाळणाऱ्याच्या नजरेने पाहतो. मुद्दा एकच आहे. संगणक जागा होण्याच्या दोन रीती आहेत आणि डिस्कची वाटणी लिहून ठेवण्याच्याही दोन रीती आहेत. या दोहोंची जोड जुळली तर संगणक उठतो. जुळली नाही तर सारा मजकूर जागच्या जागी असूनही उठत नाही. आपल्या यंत्रात कोणती जोड आहे हे आधी पाहावे, मग डिस्कला हात लावावा.

वीज चालू केली की प्रणाली आपोआप समोर येते असे आपणांस वाटते. तसे नाही. विंडोज असो वा लिनक्स, ती डिस्कवर निजलेली असते, आणि निजलेल्याने स्वतःला कसे उठवावे हा मूळ प्रश्न आहे. या क्रियेला ‘बूट’ म्हणतात. आपल्याकडे बूट म्हणजे पायातला, आणि गंमत अशी की शब्द मूळचा तोच आहे. बुटाच्या मागे जी ओढपट्टी असते तिला धरून माणसाने स्वतःच स्वतःला वर उचलायचे, अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्यावरून ‘बूटस्ट्रॅप’ आणि त्याचे लघुरूप ‘बूट’. भाषेच्या विद्यार्थ्याला एवढे विषयांतर क्षम्य असावे.

बँकेची शाखा सकाळी कशी उघडते ते आठवावे. पहिला येतो रखवालदार. त्याला कर्जप्रकरण कळत नाही, व्याजाचा दर कळत नाही. कुलूप काढावे, दिवे लावावेत आणि किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांना बोलवावे, एवढेच त्याचे काम. संगणकातला हा रखवालदार मुख्य फळीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, एका चिपमध्ये राहतो. डिस्क काढून टाकली तरी तो असतोच. जुन्या पिढीतल्या रखवालदाराचे नाव बायोस, नव्या पिढीतल्याचे यूईएफआय.

जुनी रीत : बायोस आणि एमबीआर

बायोस ही १९८१ साली आयबीएम कंपनीने काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर आलेली वस्तू. त्या पहिल्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हतीच; फ्लॉपीवर काम चाले. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचे एक्सटी हे यंत्र आले, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज मोबाइलवर काढलेली दोन-तीन छायाचित्रे एवढी जागा सहज खातात. पण तेवढ्या जागेतही एकाहून अधिक प्रणालींना आपापला हिस्सा असावा, हा विचार त्याच वेळी झाला आणि डॉस २.० बरोबर डिस्कच्या वाटणीचा तक्ता अस्तित्वात आला.

हा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या पानावर असतो. पानाला सेक्टर म्हणतात आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. या पहिल्या पानाचे नाव एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड. त्यातले पहिले ४४६ बाइट हा छोटासा हुकूमनामा असतो. त्यापुढचे ६४ बाइट हा वाटणीचा तक्ता. शेवटचे २ बाइट म्हणजे शिक्का. शिक्का दिसला की बायोस तो हुकूमनामा उचलतो, त्याच्या हाती कारभार देतो आणि स्वतः बाजूला होतो. तो पाने चाळत नाही, कोणत्या कप्प्यात कोण राहतो हे विचारत नाही. पहिले पान, एवढेच त्याला ठाऊक.

शेतीची वाटणी झाली म्हणजे जमिनीवर बांध पडतात, पण खरी वाटणी तलाठ्याच्या दप्तरात असते. येथेही तसेच. डिस्कवर बांध नसतातच; अमुक हिस्सा येथून सुरू होतो आणि इतक्या पानांचा आहे, एवढी नोंद म्हणजेच पार्टिशन. ६४ बाइटांत १६ बाइटांच्या चारच नोंदी बसतात, म्हणून हिस्सेदारही चारच. पाचवा आला तर काय? त्यासाठी पुढे एक तोड काढली गेली. चारांपैकी एका हिश्शाला ‘विस्तारित’ म्हणायचे आणि त्याच्या पोटात आणखी पोटहिस्से पाडायचे. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये ही सोय आली. या पोटहिश्शांना ‘लॉजिकल’ म्हणतात, मुख्य चारांना ‘प्रायमरी’.

दुसरी मर्यादा आकाराची. प्रत्येक नोंदीत पानांचा आकडा लिहिण्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवलेली आहे. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा सुमारे ४२९ कोटी. त्याला ५१२ ने गुणले की साधारण २.२ टेराबाइट होतात. त्यापलीकडची जागा या तक्त्याला दिसत नाही. चार टेराबाइटची डिस्क आणून निम्मीच वापरता येते अशी तक्रार ऐकू आली, तर बहुधा कारण हेच.

तिसरी गोष्ट आम्हांस या दोहोंपेक्षा गंभीर वाटते. या तक्त्याची नक्कल कोठेच नसते. बँकेत साध्या व्हाउचरलासुद्धा मागे पुरावा असतो. येथे सर्व डिस्कचा उतारा एका पानावर, आणि ते पान बिघडले की पुढचे सारे बेवारस. शिवाय त्या पानावर एकाच हुकूमनाम्याला जागा. आधी लिनक्स टाकली आणि नंतर विंडोज, तर विंडोजचा हुकूमनामा लिनक्सच्या हुकूमनाम्यावर लिहिला जातो आणि लिनक्स दिसेनाशी होते. ती गेलेली नसते. तिला हाक मारणारा कोणी उरत नाही. म्हणूनच या जुन्या रीतीत क्रम पाळतात : आधी विंडोज, मागाहून लिनक्स. लिनक्सचा ‘ग्रब’ नावाचा कार्यक्रम उठताना दोन्ही नावे पडद्यावर दाखवून विचारतो. विंडोजचा हुकूमनामा लिनक्सची चौकशी आपणहून करीत नाही.

नवी रीत : यूईएफआय आणि जीपीटी

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेल कंपनी इटॅनियम हा मोठ्या यंत्रांसाठीचा प्रोसेसर तयार करीत होती. बायोस त्याला पुरणारा नव्हता, म्हणून इंटेलने ईएफआय ही नवी व्यवस्था आखली. २००५ साली अनेक कंपन्यांनी मिळून ती एका सामाईक मंचाकडे घेतली आणि तिचे नाव यूईएफआय झाले. सर्वसामान्य घरगुती यंत्रांत ती खऱ्या अर्थाने रुजली ती २०१२ साली विंडोज ८ आल्यावर. ज्या संगणकावर विंडोज ८ किंवा त्यापुढची प्रणाली कारखान्यातूनच भरून आली, तो बहुधा नव्या रीतीचा समजावा. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून लिहिला आहे, कारण मधल्या काळातील पुष्कळ यंत्रांत दोन्ही रखवालदार राहतात. नवा रखवालदार जुन्याचे सोंग घेतो. या सोयीला सीएसएम म्हणतात. कोणी तरी पूर्वी ती चालू करून जुन्या रीतीने विंडोज भरलेली असणे अगदी शक्य आहे.

नव्या रीतीचा तक्ता म्हणजे जीपीटी. यात १२८ हिश्शांची नोंद सहज राहते, पोटहिश्शांची कटकट नाही. पानांचे आकडे ६४ बिटांचे, त्यामुळे आकाराची मर्यादा आपल्या आयुष्यात तरी आड येणार नाही. तक्ता डिस्कच्या आरंभी असतो आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या पानांवर ठेवलेली असते. शिवाय तक्त्याची बेरीज करून ती तक्त्यातच नोंदलेली असते. मध्ये एखादे अक्षर बदलले तर बेरीज जुळत नाही आणि बिघाड ताबडतोब कळतो. संध्याकाळी रोकड जुळविणाऱ्या माणसाला ही व्यवस्था मनापासून पटावी.

डिस्कचे पहिले पान मात्र येथेही जुन्या पद्धतीने लिहिलेले असते. त्यावर ‘ही सर्व जागा एका हिश्श्याने व्यापलेली आहे’ अशी एकच नोंद असते. हेतू एवढाच, की जुन्या काळातील एखाद्या कार्यक्रमाने ही डिस्क पाहिली तर तिला कोरी समजून तिच्यावर लिहू नये.

खरा फरक रखवालदाराच्या शिक्षणात आहे. यूईएफआयला वाचता येते. तो पहिल्या पानावरचा हुकूमनामा शोधीत नाही. डिस्कवर ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ नावाचा एक छोटा, फॅट३२ पद्धतीने मांडलेला कप्पा असतो. विंडोज तो बहुधा १०० मेगाबाइटचा करते. लिनक्सचे भरणी-कार्यक्रम काहीसा मोठा. त्या कप्प्यात ईएफआय नावाचे कपाट असते आणि त्यात प्रत्येक प्रणालीचा आपापला खण : एक मायक्रोसॉफ्टचा, एक उबुंटूचा, याप्रमाणे. शिवाय चिपमध्येही एक यादी असते. कोणाला आधी बोलवायचे, कोणाला नंतर, याचा क्रम तीत असतो. यामुळे एकाने दुसऱ्याचा हुकूमनामा पुसण्याचा प्रसंग सहसा येत नाही. विंडोज मागाहून टाकली तर ती फार तर यादीत स्वतःला वर चढविते. यादीचा क्रम बदलला की काम झाले.

कोणाची जोड कोणाशी

विंडोज या बाबतीत फार कडक. बायोसच्या रीतीने उठायचे असेल तर डिस्क एमबीआरचीच हवी, यूईएफआयच्या रीतीने उठायचे असेल तर जीपीटीचीच. जोड चुकली तर भरणीच्या वेळी ती नकारच देते, आणि नकाराच्या संदेशात तक्त्याचे नाव लिहिलेले असते. हा संदेश नीट वाचावा असे आमचे कळकळीचे सांगणे आहे, कारण नेमक्या याच ठिकाणी घाईचा जाणकार सर्व हिस्से पुसून डिस्क कोरी करतो. कोरी केल्यावर विंडोज मुकाट्याने चढते हे खरे. पण ज्या दप्तरासाठी हा सारा खटाटोप, ते गेलेले असते. पुष्कळदा उपाय याहून साधा असतो. भरणीचा पेनड्राइव्ह चुकीच्या रीतीने उठविलेला असतो, तो योग्य रीतीने पुन्हा उठवावा.

हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण घोटाळ्यांचे मूळ बहुतेक येथेच सापडते. प्रणाली भरण्याचा कार्यक्रम ज्या रीतीने स्वतः उठतो, त्याच रीतीची प्रणाली तो डिस्कवर भरतो. यंत्र सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबली की कोठून उठायचे याची यादी येते. कळ प्रत्येक कंपनीची वेगळी. दोन्ही रीती चालू असलेल्या यंत्रात त्या यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो : एकदा नुसत्या नावाने, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ असे लिहून. ही छपाईची चूक नव्हे. पहिली ओळ निवडली तर जुनी रीत, दुसरी निवडली तर नवी. पेनड्राइव्ह तयार करतानाही रुफस नावाचा लोकप्रिय कार्यक्रम हाच प्रश्न विचारतो : तक्ता एमबीआरचा की जीपीटीचा, यंत्र बायोसचे की यूईएफआयचे. पुढे-पुढे करीत दाबत गेले तर तो स्वतःच्या अंदाजाने ठरवितो.

लिनक्स स्वभावाने लवचीक. बायोसच्या यंत्रात जीपीटीची डिस्क असली तरी ती उठू शकते. फक्त ग्रबला आपला हुकूमनामा ठेवण्यास जागा लागते, म्हणून १ मेगाबाइटचा एक बिनमांडणीचा कप्पा करून त्याला ‘बायोस बूट’ ही खूण द्यावी लागते. मोठी डिस्क आणि जुने यंत्र अशी गाठ पडली तर हा मार्ग उपयोगी. परंतु त्याच डिस्कवरून विंडोजलाही उठवायचे असेल तर हा मार्ग सोडून द्यावा.

आणि एका यंत्रात एक प्रणाली बायोसच्या रीतीने आणि दुसरी यूईएफआयच्या रीतीने भरू नये. तसे करता येते. पण मग प्रत्येक वेळी चिपच्या मांडणीत शिरून रीत पालटावी लागते. ज्या अभ्यासिकेत दिवसातून दहा विद्यार्थी यंत्र उघडतात तेथे हे चालत नाही.

आधी पाहणी

आपले यंत्र कसे उठते हे कळण्यास पैसा लागत नाही. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि आर ही अक्षरकळ एकदम दाबावी, येणाऱ्या चौकटीत एमएसइन्फो३२ असे इंग्रजी अक्षरांत लिहावे. जी माहिती येते तीत ‘बायोस मोड’ अशी ओळ असते; तिच्यापुढे ‘लेगसी’ असेल तर जुनी रीत, ‘यूईएफआय’ असेल तर नवी. तक्ता पाहण्यासाठी ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून डावीकडील ‘डिस्क ०’ या चौकोनावर उजवी कळ दाबावी, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘व्हॉल्यूम्स’ या पानावर ‘पार्टिशन स्टाइल’ लिहिलेली असते.

पाहणीनंतर आणि कोणतेही काम करण्यापूर्वी दप्तराची नक्कल घ्यावी. ती त्याच डिस्कच्या दुसऱ्या हिश्श्यात घेऊ नये. ‘सी’ मधून ‘डी’ मध्ये उतरवून ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, हा समज आम्हांस सर्वत्र आढळतो. सी आणि डी ही एकाच डिस्कवरची दोन शेते आहेत. उतारा फाटला की दोन्ही जातात. बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर नक्कल घ्यावी, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. जुने मराठी टंकही बरोबर उतरवावेत. मजकूर वाचला पण टंक गेले तर हाती पुन्हा रांगोळीच.

आता नेहमी भेटणारा प्रसंग घेऊ. यंत्र जुने, ५०० गिगाबाइटची डिस्क, रीत बायोसची, तक्ता एमबीआरचा, प्रणाली विंडोज ७. (विंडोज ही डिस्क ४६५ गिगाबाइटची दाखविते. कोणी चोरलेले नसते. विकणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने.) येथे लिनक्स जोडायची आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये पाहिले तर पुष्कळदा चार प्रायमरी हिस्से आधीच भरलेले आढळतात : १०० मेगाबाइटचा ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’, सी, डी आणि बनविणाऱ्या कंपनीचा ‘रिकव्हरी’. पाचव्याला जागा नाही.

अशा वेळी विंडोजला पाचवा हिस्सा मागितला तर ती नाही म्हणत नाही. ती एक सूचना दाखविते, की डिस्क ‘डायनॅमिक’ करावी लागेल, करू का? येथे ‘हो’ म्हणू नये. डायनॅमिक ही विंडोजची खासगी वाटणी आहे. तसे झाल्यावर लिनक्सच्या भरणी-कार्यक्रमाला त्या डिस्कवर नवे कप्पे पाडता येत नाहीत, आणि नेहमीच्या साधनांनी परत फिरायचे तर सर्व हिस्से काढून टाकावे लागतात. सरळ मार्ग असा : डी मधील मजकूर बाहेर उतरवावा, तो बरोबर उतरल्याची खात्री करावी, मग फक्त डी काढावा. मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्सच्या भरणीच्या वेळी विस्तारित हिस्सा करून त्याच्या पोटात लिनक्ससाठी चाळीस-पन्नास गिगाबाइट, स्वॅपसाठी चार, आणि उरलेली जागा दोन्ही प्रणालींना वाचता येईल अशा एनटीएफएस मांडणीत सामाईक दप्तरासाठी द्यावी. लिनक्सला पोटहिश्श्यातून उठण्यास काही हरकत नसते. सी ला हात लागला नाही, जुने पेजमेकर होते तेथेच राहिले.

सी लहान करूनच जागा काढायची असेल तर ते काम विंडोजच्या आतून ‘श्रिंक’ने करावे. ती अनेकदा रिकाम्या जागेच्या निम्मीही सोडावयास तयार होत नाही, कारण तिच्या काही फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. जबरदस्ती करू नये. जेवढे सुटते तेवढ्यात भागवावे. विंडोज ८ आणि पुढील प्रणालींत ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावे. ते चालू असताना यंत्र पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि अशा स्थितीत लिनक्समधून सी वर लिहिले तर मजकूर बिघडू शकतो. या जोडीत विंडोज ७ ला मात्र इंटरनेटची तार लावू नये. तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे.

दुसरा प्रसंग असा, की यंत्र यूईएफआय जाणणारे आहे पण विंडोज १० जुन्या रीतीने भरलेली आहे, आणि आता नव्या रीतीकडे यायचे आहे. येथे तर पुसण्याचे कारणच नाही. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचे साधन आलेले आहे. ते आधी तपासून सांगते की बदल होईल की नाही, आणि मग मजकूर न हलविता तक्ता पालटते. त्याच्या अटी आहेत : प्रायमरी हिस्से तीनपेक्षा जास्त नसावेत आणि विस्तारित हिस्सा नसावा. तक्ता पालटल्यावर चिपच्या मांडणीत जाऊन रीत यूईएफआयची करावी लागते. ती केली नाही तर यंत्र उठणार नाही. ‘डिस्कपार्ट’ नावाचे दुसरे साधनही तक्ता पालटते, पण ते सर्व हिस्से काढलेल्या डिस्कवरच. नावे सारखी वाटतात म्हणून हा भेद सांगितला. यंत्र नव्या रीतीचे झाले म्हणून विंडोज ११ मिळेलच असे मात्र नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठराविक पिढीचा प्रोसेसरही लागतो. आणि डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर रीत बदलताच ते ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. देणगीत आलेल्या यंत्राची किल्ली जुन्या मालकाकडेच राहिलेली असण्याचा संभव असतो, म्हणून यंत्र ताब्यात घेतानाच विचारावे.

इतके करूनही एखाद्या वेळी तक्ता नष्ट झाला तर? तक्ता गेला म्हणजे मजकूर गेला असे नव्हे. उतारा फाटला तरी शेतात पीक उभे असते. अशा वेळी त्या डिस्कवर काहीही लिहू नये, नवी प्रणाली तर मुळीच भरू नये. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडावी आणि ‘टेस्टडिस्क’ हा विनामूल्य कार्यक्रम चालवावा. तो पान न् पान तपासून हिश्श्यांच्या हद्दी हुडकतो आणि तक्ता पुन्हा लिहिण्याची तयारी दाखवितो. हद्दी आपल्या आठवणीशी जुळल्या तरच त्याला होकार द्यावा. यासाठी हिश्श्यांचे आकार आधीच लिहून ठेवलेले असले तर फार उपयोग होतो. त्यासाठी डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचे मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवले तरी पुरे.

शेवटी जुन्या यंत्रांचे एक दुखणे सांगितले पाहिजे. मदरबोर्डवर एक गोल, नाण्याएवढा सेल असतो, त्याचे नाव सीआर २०३२. वीज बंद असतानाही यंत्राचे घड्याळ चालावे म्हणून तो असतो, आणि पुष्कळ यंत्रांत रखवालदाराची मांडणीही त्याच्याच भरवशावर टिकते. काही वर्षांनी तो संपतो. मग एके दिवशी तारीख भलतीच दिसते, आणि मांडणी मूळपदावर येते. बायोसच्या रीतीने चालणारे यंत्र यूईएफआयवर जाते किंवा उलट होते, आणि पडद्यावर ‘उठविण्याजोगी डिस्क नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. डिस्क मेली असे ठरवून पुन्हा कोणी तरी फॉरमॅटची गोष्ट काढतो. अशा वेळी कॅबिनेट उघडावे, सेल बदलावा, एफ२ किंवा डिलीट कळ दाबून मांडणीत जावे, तारीख घालावी आणि रीत पूर्वीची करावी. पूर्वीची रीत कोणती हे आठवत नसल्यास शोधाशोध होते, म्हणून कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवावी. तीवर रीत, तक्ता, हिश्श्यांचे आकार, यादी उघडणारी कळ आणि सेल बदलल्याची तारीख एवढे बॉलपेनने लिहिलेले असावे.